वऱ्हाडातला एक वकील : दादासाहेब खापर्डे (1854–1938)



सुरुवातीलाच एक विचारतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी ‘श्रीसाईसच्चरित’ वाचलं जातं? आणि ‘श्रीगजानन विजय’चं पारायण? बरेच हात वर झाले. म्हणजे आजचा माणूस तुम्हाला नावानं तरी माहीत आहे. दोन्ही पोथ्यांत तो येतो. शिर्डीच्या पोथीत बाबांसमोर तोंडातून शब्द न काढणारा मोठा विद्वान म्हणून, आणि शेगावच्या पोथीत टिळकांचा जिवाभावाचा मित्र म्हणून. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजेच दादासाहेब.

पोथीत नाव आलं की एक गंमत होते. माणूस भक्त होऊन बसतो आणि त्याचा धंदा काय होता, घर कसं चालायचं, पैसा कुठून यायचा आणि कुठे जायचा, हे कोणी विचारत नाही. आपण आज तेच विचारणार आहोत. खापर्डे होते वकील. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. आयुष्यभरात त्यांनी कमावलं अफाट, आणि राखलं फार थोडं. हा पैसा गेला कुठे, या प्रश्नाच्या मागं मागं गेलं की त्या काळच्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावातला वकील म्हणजे काय चीज होती, ते समजतं.

आधी गाव बघू. अमरावती आज महानगरपालिका आहे. 1901 च्या जनगणनेत या गावाची वस्ती सुमारे 34 हजार होती. अंबादेवीचं देऊळ, कापसाचा बाजार, सरकी काढायचे आणि गठाणी बांधायचे कारखाने, आणि कचेरी. मुंबई-नागपूर रेल्वे 1867 मध्ये पूर्ण झाली, पण तिचा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून जातो. तिथून एक छोटा फाटा अमरावतीला येतो. म्हणजे मोठ्या रस्त्याला लागून असलेलं, पण थोडं आत राहिलेलं गाव.

आणि वऱ्हाडाची गोष्ट बाकी महाराष्ट्राहून निराळी होती. 1853 च्या तहानं निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. इंग्रजी कायदे इथे लागू व्हायचे, पण सरकारी हुकमानं, वेगळ्या वाटेनं. आता अशा ठिकाणी कायद्याचा अर्थ लावणाऱ्या माणसाची किंमत काय असेल, विचार करा.

त्यात कापूस. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. जमीन रयतेच्या नावावर लागली, म्हणजे ती गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली. पूर्वीही कर्ज होतंच. पण आता कर्जाला कागद आला, कागदाला तिकीट आलं, तिकिटाला मुदत आली, आणि मुदत संपत आली की फिर्याद आली. सावकार दावा लावणार, हुकूमनामा घेणार, दरखास्त करणार, जप्ती आणणार. दुसरीकडे जुनी देशमुख-देशपांडे घराणी, त्यांची वतनं, वाटण्या, दत्तकाचे तंटे. कापसाचं पीक आलं की पैसा आणि पैसा आला की तंटा. पीक बुडालं तरी तंटा. या सगळ्याच्या मधोमध वकील बसलेला.

त्या वकिलाकडे अशील कसा यायचा? आजच्यासारखा वेळ ठरवून नव्हे. बैलगाडीनं यायचा, दस्तांची गुंडाळी धोतराच्या किंवा धडप्याच्या गाठीत बांधून. तारीख उद्याची असेल तर मुक्काम कुठे? वकिलाच्या ओसरीवर. जेवण कुठे? वकिलाच्या पंगतीला. तारीख पुढे गेली की मुक्कामही पुढे. म्हणून लहान गावच्या वकिलाचं घर हे एकाच वेळी कार्यालय, धर्मशाळा आणि खाणावळ असायचं. हे नुसतं औदार्य नव्हतं, तो धंद्याचाच भाग होता. हे लक्षात ठेवा, कारण खापर्ड्यांच्या दातृत्वाची मुळं इथे आहेत. फक्त त्यांनी या रिवाजाची मर्यादा ओलांडली, आणि तीही कायमची.

दादासाहेबांचा जन्म 27 ऑगस्ट 1854 चा, वऱ्हाडातल्या इंगरोळीचा. वडील गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर वर आले आणि सरकारी नोकरीत तहसीलदारीपर्यंत पोचले. मुलाचं शिक्षण अमरावती, नागपूर आणि मग मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज. 1877 मध्ये बी. ए., 1884 मध्ये एलएल. बी. संस्कृतवर विलक्षण प्रेम, इंग्रजी अस्खलित, आणि नाटकाचा नाद. हा नाद कोवळ्या वयातला म्हणून सुटला असं नाही बरं का. 1905 मध्ये मुंबईला पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हे अमरावतीचे वकील होते.

1885 ते 1890 ते वऱ्हाडात मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर होते. म्हणजे खुर्चीच्या त्या बाजूला बसून त्यांनी पाच वर्षं हेच कर्जाचे दावे ऐकले. घरात तहसीलदारीची परंपरा, हातात सरकारी हुद्दा. दुसरा कोणी असता तर निवृत्तीवेतनापर्यंत थांबला असता. यांनी 1890 मध्ये ते सोडलं आणि अमरावतीत वकिली सुरू केली.

ती चालली, आणि कशी चालली! भरभराटीच्या काळात त्यांची वर्षाची कमाई 90 ते 95 हजार रुपयांच्या घरात होती, असं त्यांच्या चरित्रविषयक लेखनात सांगितलेलं आहे. त्या काळी सोनं वीस-पंचवीस रुपये तोळा होतं. हिशोब तुम्हीच करा. लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणत. घरात घोडे, गाड्या, आचारी, नोकरचाकर, आणि रोजची पंगत घरच्या माणसांच्या कितीतरी पट मोठी. अशील, आश्रित नातलग, शिकायला आलेली मुलं, गवई, नट, शास्त्री, साधू, राजकारणातली माणसं. कोणाला विन्मुख पाठवायचं नाही, एवढाच काय तो नियम.

आता इथे जरा थांबू या. ‘दानशूर’ हा शब्द आपण फार पटकन वापरतो. दोन प्रकारचे देणारे असतात. एक जण देतो तो विचारपूर्वक: शाळेला इमारत, वाचनालयाला निधी, नावाची पाटी. हे दान टिकतं, इतिहासात त्याची नोंद होते. दुसरा दार उघडं ठेवतो. जो आला त्याला दिलं, जेवला तो गेला. याची पावती नसते. खापर्डे हे दुसऱ्या प्रकारचे. नगरपालिका आणि जिल्हा बोर्डाच्या कामात त्यांनी वर्षं घातली, पण पैसा गेला तो माणसांवर, समोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसांवर.

त्याच अमरावतीच्या बारमध्ये रघुनाथ नरसिंह मुधोळकर होते. मवाळ पक्षाचे, शांत, हिशोबी. त्यांचा ओढा औद्योगिक परिषदेकडे, देशी उद्योगधंद्यांकडे. 1912 च्या बांकीपूर काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. तिसरे मोरोपंत जोशी, तेही मवाळ, पुढे मध्य प्रांताच्या सरकारात मोठ्या पदावर गेले. चौतीस हजार वस्तीच्या गावात एकाच वेळी असे तीन वकील! आणि 1897 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशनच अमरावतीला भरलं, तेव्हा स्वागताध्यक्ष होते खापर्डे.

ते वर्ष आठवा. दुष्काळ, प्लेग, रँडचा खून, नातू बंधूंची धरपकड. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झालेली. अशा वेळी टिळकांचा उघड मित्र म्हणवणाऱ्या माणसानं देशभरचे प्रतिनिधी आपल्या गावात बोलवायचे, हे सोपं नव्हतं. शंकरन नायर अध्यक्ष होते. याच मंडपात सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी टिळकांविषयी बोलताना सभा हलवून सोडली. यजमानपण हा खापर्ड्यांचा स्वभावच; फक्त या वेळी घरची पंगत साऱ्या देशाची झाली, एवढाच फरक.

पुढची दहा वर्षं टिळकांच्या बरोबरीनं गेली. 1906 मध्ये कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवाला टिळकांबरोबर खापर्डे आणि डॉ. मुंजे गेले होते. 1907 च्या सुरत काँग्रेसच्या वेळचं जहाल नेत्यांचं एक छायाचित्र आहे. टिळक बोलत आहेत, अरविंद घोष अध्यक्षस्थानी, आणि त्या मंडळींत हे आपले अमरावतीचे वकील. वक्ता म्हणून त्यांची ख्याती विनोदासाठी. लोकांना हसवत हसवत सरकारचे वाभाडे काढायचे.

आणि मग आलं 1908. 22 जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे अपील करायचं तर कोणीतरी विलायतेला जाऊन ठाण मांडायला हवं होतं. खापर्डे गेले. ऑगस्ट 1908 मध्ये निघाले. वय 54. भरात आलेली वकिली सोडून.

याचा अर्थ नीट समजून घ्या. व्यापाऱ्याची पेढी मालक नसतानाही चालते, मुनीम असतो. जमीनदाराला खंड मिळत राहतो. वकिलाचं सारं भांडवल म्हणजे त्याची जीभ आणि कोर्टातली त्याची हजेरी. तो दोन महिने दिसला नाही की अशील शेजारच्या वकिलाकडे वकीलपत्र देतो, आणि एकदा गेलेला अशील सहसा परत येत नाही. खापर्डे दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिले. इकडे घरची पंगत मात्र थांबली नव्हती. अपील 1909 मध्ये फेटाळलं गेलं. तरी ते लंडनमध्ये राहून खटपट करत राहिले. ऑक्टोबर 1910 मध्ये परतताना सरळ घरी न येता रंगूनमार्गे मंडालेला गेले, तुरुंगात टिळकांना भेटले, आणि मग नोव्हेंबरात अमरावतीला पोचले.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दान हे आहे. रुपयांत मोजायचं तर दोन वर्षांची कमाई. पण खरं म्हणजे त्यांनी आपला चालता धंदाच देऊन टाकला. कोर्टात यश आलं नाही, टिळक सुटले नाहीत, आणि परत आल्यावर वकिलीला ती आधीची झळाळी आली नाही. कर्ज मात्र होतं. ज्या माणसानं मुन्सफ म्हणून कर्जाचे दावे ऐकले, वकील म्हणून ते लढवले, त्याच्या स्वतःच्या घरी आता कर्जाची चिंता आली.

शिर्डीचा भाग इथे येतो, आणि या पार्श्वभूमीवर तो वाचला तर निराळाच दिसतो. विलायतेहून आल्यावर महिनाभरात, डिसेंबर 1910 मध्ये, ते पहिल्यांदा शिर्डीला गेले. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा गेले ते मार्च 1912 पर्यंत राहिले. या दिवसांची त्यांची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली, ती साईभक्तांत आजही वाचली जाते. पहाटेची काकड आरती, बाबांचं बोलणं, ‘पंचदशी’चं वाचन. ही भक्ताची रोजनिशी आहे यात शंका नाही. पण ती वाचताना दुसरंही दिसतं: एक नामांकित वकील तीन महिने कोर्टाबाहेर बसलेला आहे, घरी परतायची परवानगी मिळत नाही आणि तिकडे अमरावतीची वकिली थंडावते आहे.

आणि लक्ष्मीबाई. दादासाहेबांच्या पत्नी. पोथीत त्यांचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. त्या नैवेद्याचं ताट घेऊन मशिदीत जातात आणि बाबा इतरांची ताटं बाजूला ठेवून त्यांचं ताट लगेच पुढे ओढतात. शामा विचारतात, हा पक्षपात का? त्यावर बाबा लक्ष्मीबाईंच्या मागच्या जन्मांची कथा सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानं ठरवावा. मला एक साधी गोष्ट दिसते. या बाईंच्या हातचं ताट पोथीत अमर झालं, हे किती योग्य आहे! दादासाहेबांच्या औदार्याचं नाव झालं, पण ते औदार्य रोज दोन्ही वेळ रांधलं, वाढलं, निस्तरलं कुणी? आचारी असले तरी कोण आलं, कोण जेवायचं राहिलं, धान्य किती उरलं, हे पाहणारी घरातली बाईच असते. ‘नाही’ म्हणायचं नाही हा नियम घरधन्यानं केला. घरात काही नसताना तो पाळायची जबाबदारी घरधनिणीवर. आपल्याकडच्या थोरामोठ्यांच्या चरित्रांत स्वयंपाकघराचं प्रकरण सहसा नसतं. ते असायला हवं. लक्ष्मीबाई 1928 मध्ये गेल्या, नवऱ्याच्या आधी दहा वर्षं.

आता एक अवघड प्रश्न. टिळक 1914 मध्ये सुटले. 1916 च्या होमरूल चळवळीत खापर्डे पुन्हा पुढे होते. वरिष्ठ कायदेमंडळात 1919 मध्ये रौलट बिलांना हिंदी सभासदांनी विरोध केला, त्यांत तेही होते. 1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले. सप्टेंबरात कलकत्त्याला आणि डिसेंबरात नागपूरला काँग्रेसनं असहकाराचा ठराव केला. त्यातलं एक कलम थेट यांच्यासाठी होतं: वकिलांनी कोर्टं सोडावीत. आणि दुसरंही: कौन्सिलांवर बहिष्कार. मोतीलाल नेहरूंनी वकिली सोडली, चित्तरंजन दासांनी सोडली. खापर्ड्यांनी हे मान्य केलं नाही. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले आणि 1925 पर्यंत तिथे होते.

ज्यानं 1908 मध्ये चालती वकिली एका मित्रापायी वाऱ्यावर सोडली, त्यानं 1920 मध्ये देशानं मागितली तेव्हा का नाही सोडली? टीकाकारांनी तेव्हा त्यांना सोडलं नाही, आणि आपणही हा प्रश्न टाळू नये. त्यांच्या बाजूनं एक उत्तर आहे. टिळकांचं अखेरचं धोरण प्रतियोगी सहकारितेचं होतं, सरकार जेवढं देईल तेवढं घ्यायचं आणि उरलेल्यासाठी भांडायचं. खापर्डे त्या वाटेवर राहिले. वाट बदलली ती काँग्रेसनं, असं ते मानत असणार.

पण मला यात त्यांचा स्वभावही दिसतो. ते देत ते माणसाला. ओसरीवर आलेल्या अशिलाला, परीक्षेला बसलेल्या मुलाला, मंडालेच्या कोठडीतल्या मित्राला. ठरावाला देणं, शिस्तीला देणं, हा वेगळा संस्कार होता, वेगळ्या पिढीचा. गांधींच्या राजकारणात त्याग हा सर्वांनी एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं करायचा होता. वऱ्हाडच्या नवाबाला ते जमणं कठीण होतं. यात त्यांचा मोठेपणा कमी होतो असं मी म्हणत नाही. पण त्यांचं औदार्य कुठपर्यंत पोचत होतं आणि कुठे थांबत होतं, ते इथे कळतं.

तशीच दुसरी एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा पैसा आला कुठून? ज्या कापूसवाल्या रयतेच्या आणि सावकाराच्या तंट्यांवर अमरावतीचा बार पोसला गेला, तिथूनच. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला. कर्जाचे कागद मात्र दुष्काळात मरत नाहीत. एका हातानं कोर्ट जमीन घेत होतं आणि त्याच व्यवस्थेत कमावणारा माणूस दुसऱ्या हातानं पंगत वाढत होता. खापर्डे एकटे याला जबाबदार नव्हते. पण त्यांच्या पंगतीत बसलेल्या एखाद्या शेतकऱ्याला हे कळत नसेल असं समजू नका. त्यानं ते अन्न दान म्हणून खाल्लं असेल की आपलीच फी थोडी परत आली म्हणून, कोण सांगणार!

शेवटची वर्षं शांत गेली. टिळकांनंतर ते अठरा वर्षं जगले. त्यांच्या बरोबरीचे बहुतेक गेले. मुलगा बाळकृष्ण हेही वकील, पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. वडिलांचं चरित्र त्यांनीच लिहिलं. 1 जुलै 1938 ला दादासाहेब वारले.

मागे उरलं काय? त्यांच्या डायऱ्या, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. वर्षानुवर्षं, रोज लिहिलेल्या. कोण आलं, कोण गेलं, काय बोलणं झालं, काय वाचलं. टिळकयुगाचे अभ्यासक त्यांत टिळकांना शोधतात, साईभक्त बाबांना शोधतात. माझी सूचना अशी की एखाद्या तरुण अभ्यासकानं, विशेषतः अमरावतीच्या, त्या डायऱ्यांत येणाजाणाऱ्यांना शोधावं. ज्या दानाची पावती फाडली नाही, त्याची नोंद मिळाली तर तिथेच मिळेल.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरात जुने कागद असतील, पणजोबांच्या खटल्याचे, वकीलपत्राचे, हिशोबाच्या वह्या, तर ते रद्दीत देऊ नका. लहान गावच्या वकिलांचा इतिहास असाच गाठोड्यांत बांधलेला असतो. खापर्ड्यांचं नाव झालं. ज्यांच्या ओसरीवर अशील झोपले आणि ज्यांचं नाव कुठल्याच पोथीत नाही, असे वकील वऱ्हाडच्या प्रत्येक तालुक्यात होऊन गेले.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ या.